टंचाईतला वाटा

एक साधा प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. जमीन माझी आहे, सातबारा माझ्या नावावर आहे, विहीर मी माझ्या पैशाने खणली आहे, मोटारीचे वीजबिलही मीच भरतो. तर मग त्या विहिरीतले पाणी कुणाचे?

बहुतेकांचे उत्तर ‘माझेच’ असे येईल. इंग्रजांच्या काळात, १८८२ साली झालेला सुविधाधिकारांचा कायदाही जवळपास हेच सांगतो : आपल्या हद्दीत जमिनीखाली असलेले, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी गोळा करून वापरण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाला आहे. सुमारे दीडशे वर्षांच्या सवयीने हा अधिकार आपल्याला इतका स्वाभाविक वाटू लागला आहे की त्याविषयी शंका काढणारा माणूसच विचित्र ठरावा. परंतु सूरह अल-मुल्क संपते तीच मुळी या विषयावर. तिच्या शेवटच्या आयतीत (६७:३०) माणसाला असे विचारले आहे की, तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? रात्री झोपण्यापूर्वी ही सूरह पढण्याचा परिपाठ आपल्या कितीतरी घरांत आहे. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांत, मे महिन्यात बोअरची मोटार नुसती हवा ओढू लागते तेव्हा या आयतीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शेती टिकाऊ कशी होईल, अन्न पुढच्या पिढीलाही कसे पुरेल, याची चर्चा आज सर्वत्र चालते. ठिबक आहे, सेंद्रिय खत आहे, कमी पाण्यावर येणारे वाण आहे. या सर्व गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यांना विरोध करण्याचे काही कारण नाही. पण त्या सर्वांच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो यंत्राने सुटत नाही : पाणी कमी पडेल तेव्हा कमी कोण घेईल? वाचकहो, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अगदी उशाशी, मोसम नदीच्या खोऱ्यात, काही शतके प्रत्यक्ष वापरात होते. मालेगावकरांना दूर जाण्याची गरज नाही.

मालेगाव मोसम आणि गिरणा यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास उभारलेला भुईकोट किल्ला मोसमच्याच काठी आहे. ही मोसम, तिची शेजारीण आरम, आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातली पांझरा या नद्यांवर दगडी बंधाऱ्यांची एक मालिकाच होती. त्यांतले कित्येक बंधारे तीनशे-चारशे वर्षे जुने मानले जातात. नदीचे पाणी बंधाऱ्याने अडवायचे, पाटाने बाहेर काढायचे आणि चाऱ्यांमधून शेतात फिरवायचे, इथवर काही विशेष नाही. असे बंधारे जगात पुष्कळ आहेत. विशेष आहे ती पाणी वाटण्याची रीत. तिला ‘फड’ म्हणत.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणत. या थळाचे तीन किंवा चार मोठे भाग केलेले असत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस असेल तर शेजारच्या फडात हंगामी पिके, आणि पुढे ही पिके फडाफडांतून फिरत राहायची. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा निरनिराळ्या फडांत विखुरलेला असे. त्यामुळे कुठल्याही एका फडाचे नशीब हे एका माणसाचे नशीब नव्हते. हंगामाच्या तोंडावर सर्वजण मिळून नदीतले पाणी पाहत आणि ठरवत : या वर्षी किती फड भिजवायचे. पाणी भरपूर असेल तर सगळे. पाणी तुटपुंजे असेल तर एखादा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे पाणी कमी झाले की सर्वांचेच थोडे थोडे क्षेत्र कमी होई. एकाचे शेत हिरवेगार आणि त्याच बांधाला लागून दुसऱ्याचे करपलेले, असे घडू न देण्याची सोय त्या रचनेतच होती.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. फडात कोणताही शेतकरी आपल्या शेताला स्वतःच्या हाताने पाणी लावत नसे. ते काम पाटकऱ्याचे. गावाने नेमलेला पाटकरी एका शेतातून दुसऱ्या शेतात, क्रमाने पाणी फिरवत जाई. पिकांच्या राखणीला जागले असत आणि सर्वांवर देखरेख ठेवायला हवालदार असे. यांचा मोबदला धान्याच्या रूपाने, पीक आल्यावर, सर्वांनी मिळून द्यायचा. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून हात लागायचा. आता विचार करा, भर उन्हाळ्यात आपले उभे पीक माना टाकत असताना शेतकऱ्याने पाण्याच्या दारावरून स्वतःचा हात काढून घ्यायचा आणि ते दार तिऱ्हाइताच्या हाती द्यायचे, ही किती मोठी गोष्ट आहे! मला फडाच्या दगडी बंधाऱ्यांपेक्षा या एका गोष्टीचे नवल अधिक वाटते. बंधारा कारागीर बांधतो. पण पाटकरी नेमायला गावाला आपल्या नफ्सची ओळख असावी लागते. प्रामाणिक माणूससुद्धा स्वतःच्या तहानेचा न्यायाधीश होऊ शकत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

इथे क्षणभर थांबून एक भेद नीट लक्षात घेऊ. आपण सदका देतो, जकात काढतो, रमजानमध्ये इफ्तारचे दस्तरखान रस्त्यावर मांडतो. अल्लाहच्या कृपेने मालेगाव या बाबतीत मागे नाही. परंतु सदका हा सहसा आपल्याजवळच्या अधिकातून निघतो. माझे पोट भरले, घर चालले, मग उरलेल्यातून दुसऱ्याला दिले. फडात वाटली जात होती ती टंचाई. तिथे देणारा आणि घेणारा असे दोन पक्षच नाहीत. कुणी कुणावर उपकार करत नाही, कुणाचा हात वर नाही, कुणाचा खाली नाही. वाटा हा हक आहे, आणि पाणी घटले की त्या घटीतही प्रत्येकाचा वाटा आहे. विपुलतेत वाटेकरी होणे माणसाला आवडते. टंचाईत वाटेकरी होण्याला मात्र न्यायाची सवय लागते, आणि ही सवय दानशूर माणसालाही असेलच असे नाही.

इस्लामची शिकवण या प्रश्नाकडे कशी पाहते? कुरआनात समूद राष्ट्राची हकीकत आहे. हजरत सालेह (अ.) यांच्या उंटिणीच्या संदर्भात त्या लोकांना सांगण्यात आले की पाण्याची वाटणी ठरली आहे, एक दिवस तिच्या पिण्याचा, एक दिवस तुमचा, आणि ज्याने त्याने आपल्या पाळीला हजर व्हावे (२६:१५५, ५४:२८). पाण्याची पाळी! आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा तिथे लागू पडतो. एका मुक्या जनावराची पाळी त्या बलाढ्य लोकांना सोसली नाही. त्यांनी उंटिणीला ठार केले. भाष्यकार या प्रसंगातून मोजिजा आणि अवज्ञा यांविषयी बोध घेतात, आणि तो योग्यच आहे. पण हे राष्ट्र ज्या कसोटीवर उतरू शकले नाही ती कसोटी पाण्याच्या वाटणीची होती, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

दुसरा प्रसंग मदीनेचा आहे आणि तो सहीह बुखारीत आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आतेभाऊ हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) आणि एक अन्सारी गृहस्थ यांच्यात हर्रा या खडकाळ भागातून येणाऱ्या पाण्यावरून वाद झाला. दोघांच्याही खजुरीच्या बागा, जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला. प्रेषितांनी (स.) जुबैर यांना सांगितले की आपले शेत भिजव आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोड. त्या गृहस्थाला राग आला आणि हा आप्ताला झुकते माप देणारा निवाडा आहे, असे तो बोलून गेला. प्रेषितांचा (स.) चेहरा बदलला. मग त्यांनी जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक घ्यायला सांगितले, म्हणजे पाणी आळ्याच्या कडेपर्यंत चढेतो रोखून धरायला. पुढे लोकांनी त्या पाण्याची उंची मोजली तेव्हा ती घोट्यापर्यंत भरली.

विद्वानांनी या हदीसचा जो अर्थ सांगितला आहे तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. दुसरा निवाडा हकाचा होता. पहिला निवाडा सलोख्याचा, इहसानचा होता. म्हणजे वरच्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी काय सांगितले, तर तुझ्या पूर्ण हकापेक्षा थोडे कमी घे. आणि जेव्हा त्यांनी पूर्ण हक घेऊ दिला तेव्हाही त्याला घोट्याची मर्यादा राहिली. वर असणे ही परवानगी आहे, पण तिला माप आहे.

कुणी म्हणेल की यावरून तर वरच्याचा पहिला हक सिद्ध होतो. मग फडाची रीत शरीयतच्या विरुद्ध नाही का? शंका रास्त आहे, पण मदीनेचे ते पाणी नैसर्गिक ओहोळाचे होते. अनेकांनी मिळून काढलेल्या पाटाची गोष्ट वेगळी. हनफी फिकहचा सुप्रसिद्ध ग्रंथ ‘अल-हिदाया’ बाराव्या शतकातला. सामाईक पाटावर वरचा हिस्सेदार पाणी अडवल्याशिवाय आपले शेत भिजवू शकत नसेल, तरीही इतरांच्या संमतीवाचून त्याला पाणी अडवता येणार नाही, असा त्यातला दंडक आहे. त्याने आपल्या हिश्श्यावरच भागवावे. सर्व राजी असतील तर मात्र चालेल. मोसमकाठच्या कुणब्यांनी हिदाया वाचला नव्हता. पण जिथे पाणी सामाईक आहे तिथे संमती हाच पाया, या निष्कर्षाला दोघेही पोहोचले.

मग हे फड गेले कुठे? काही ठिकाणी ते आजही तग धरून आहेत, परंतु बहुतेक थळांत त्यांचा जीव गेला आहे. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. पाणी केव्हा सोडायचे हे गावाऐवजी कचेरीत ठरू लागले. पण खरा घाव विजेच्या मोटारीने घातला. ज्याच्याकडे स्वतःची विहीर, त्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. मग विहिरीला आडवे बोअर, मग खोल बोअर. आपल्या भागातला खडक काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरांत राहते, आणि या भेगांना सातबाराच्या रेषा माहीत नसतात. मी माझ्या शेतात खोल गेलो की शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. त्याने चोरीची तक्रार कुठे करावी? कायद्याने मी काहीच चोरलेले नाही.

ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून बोअर घेतले त्याला लोभी ठरवण्याचा इथे हेतू नाही. शेजारी खोल गेला म्हणून तो गेला. न जाता तर डाळिंबाची बाग वाळली असती आणि सोसायटीचे कर्ज तसेच राहिले असते. एकेकट्याने चांगले वागून हा प्रश्न सुटत नाही, ही तर खरी अडचण आहे. मी माझी मोटार बंद ठेवली तर उरलेले पाणी शेजारी उपसेल. म्हणूनच फडाला महत्त्व आहे : तो चांगुलपणाला एकटे सोडत नव्हता.

शेततळ्यांचेच पाहा. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवायचे आणि खंड पडला की पिकाला द्यायचे, अशी मूळ कल्पना. २०१६ पासून राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजनाही आली. कल्पना उत्तमच होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय झाले? तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरायचा, आणि विहिरी-बोअरला पाणी आहे तोवर ते उपसून तळ्यात भरून ठेवायचे. जमिनीत होते तोपर्यंत ते पाणी सर्वांचे होते. तळ्यात येताच ते एकाचे झाले, आणि उन्हाने त्यातले काही कुणाचेच राहिले नाही. ठिबकचेही थोडेफार असेच. ठिबकने पाणी वाचते हे निःसंशय. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढवली की गावाच्या वाट्याला काय उरते?

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते : खर्च मी केला आहे. या उत्तराचा आदर केला पाहिजे, कारण शरीयतही तो करते. पावसावर किंवा वाहत्या झऱ्यावर आलेल्या पिकाचा उश्र दहावा हिस्सा; कष्टाने पाणी उपसून भिजवलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे ज्याने पाण्यासाठी खर्च केला त्याला निम्मी सवलत. परंतु सवलत हिशेबात आहे, मालकीत नाही. विहिरीतले पाणी जोपर्यंत विहिरीत आहे तोपर्यंत ते विहिरीच्या मालकाची मिळकत नाही, अशी हनफी विद्वानांची भूमिका आहे. त्याला अग्रहक्क आहे. पण पिण्याचा हक, ज्याला फिकहमध्ये ‘शफा’ म्हणतात, तो तहानलेल्या प्रत्येक माणसाचा आणि जनावराचा आहे. गरजेपेक्षा जास्तीचे पाणी अडवून ठेवण्याची मनाई हदीसमध्ये स्पष्टपणे आली आहे. विहीर खणणाऱ्याला तिच्याभोवती चाळीस हातांचे ‘हरीम’ मिळते. हरीम म्हणजे असे संरक्षित अंतर की ज्यात दुसऱ्याने विहीर खणून पहिलीचे पाणी ओढू नये. गंमत पाहा, महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यास बंदी घातली. चौदाशे वर्षांचे अंतर मधे आहे, बोअरची ओढ लांबवर पोहोचते म्हणून हातांचे मीटर झाले, पण विचार तोच.

पाणी भांड्यात भरले की मात्र ते भरणाऱ्याच्या मालकीचे होते, यावर फिकहमध्ये वाद नाही. मग प्लास्टिक अंथरलेले, कोटी-कोटी लिटरचे शेततळे हे भांडे समजायचे का? जुन्या फकीहांसमोर मशक होती, घागर होती, हौद होता. पाषाणाच्या पोटातले पाणी महिनोन्महिने उपसून भरलेले तळे नव्हते. मालेगावात मदरसे आहेत, दारुल इफ्ता आहेत. नमाज, तलाक, वारसा यांचे मसले तिथे रोज जातात. हा मसलाही कुणीतरी लिहून न्यावा असे मनापासून वाटते.

फडाची रीत मोडली तरी तिच्यामागचा विचार महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा उगवला आहे, आणि तोही दुष्काळातच. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिने फडाच्याही पुढचे पाऊल टाकले. फड कितीही न्याय्य असला तरी तो जमीनधारकांचा होता. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता, हे विसरून त्याचे गोडवे गाणे बरोबर नाही. पाणी पंचायतीने पाणी माणशी मोजले : प्रत्येक माणसामागे अर्ध्या एकराचे, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक दिला. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जाणार नाही, असा नियम केला, आणि पाणी फार पिणारा ऊस वर्ज्य ठरवला. जमिनीला पाणी नसते, माणसाला असते, हे सूत्र ऐकायला सोपे आहे. १८८२ च्या कायद्याला ते मुळापासून उलटे करते.

आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरीच्या वाघाड धरणावर, वेगळ्या वाटेने तसेच काम झाले. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझर भागात, पाणी पोहोचतच नव्हते. १९९१ च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था स्थापन केल्या. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे, आपसात वाटायचे, पट्टी स्वतः गोळा करायची. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्याच व्यवस्थापनात आले. सुरुवात टोकाकडच्यांनी केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याच्या शेतात पाणी आधी येते त्याला न्यायाची गरज उशिरा कळते. २००५ साली राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदा केला. त्यात कालव्याच्या मुखाच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातील शेतकऱ्यांना संचालक मंडळात स्थान दिले आहे. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी केली, आणि दरवर्षी ग्रामसभा पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. फडाच्या हंगामी बैठकीचेच हे नवे रूप नव्हे काय?

अंदलुसच्या मुस्लिमांनी स्पेनमध्ये कालव्यांचे जाळे विणले होते. तिथल्या व्हॅलेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी दुपारी जुन्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याची भांडणे तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. आठ कालव्यांचे हे न्यायालय आहे. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. ते चर्च पूर्वीच्या मशिदीच्या जागी उभे आहे. राज्ये गेली, भाषा बदलली, धर्म बदलला. पाळी शिल्लक राहिली.

आता आपल्याकडे, मालेगाव शहराकडे वळू. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात माग आहे, शेत नाही. पाण्याची वाटणी हा खेड्यातल्यांचा प्रश्न आहे असे त्यांना वाटणे शक्य आहे. पण २०११ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या आसपास असलेले हे शहर पाणी आणते कुठून? कळवण तालुक्यातल्या चणकापूर धरणातून तळवाड्याच्या तलावात आणि तिथून, तसेच गिरणा धरणातून. धरणात पाणी कमी असते तेव्हा आधी पिण्याचे राखून ठेवतात आणि शेतीचे आवर्तन कमी करतात. हा शफाचाच हक आहे आणि तो न्याय्य आहे. मात्र त्याचा अर्थ असा की टंचाईच्या वर्षी कुणीतरी कांदेकरी आपले एक आवर्तन सोडतो तेव्हा आपल्या नळाला पाणी येते. तो पाणी सोडतो ते आपल्या तहानेसाठी. अंगण धुण्यासाठी, मोटारगाडी धुण्यासाठी, टाकी भरून वाहत राहण्यासाठी त्याने ते सोडलेले नसते, आणि तहानेचा हक तेवढ्या कामांपर्यंत पोहोचतो असे कोणत्याही विद्वानाने म्हटलेले नाही.

प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आत-बाहेर. वाहत्या नदीकाठीही वुजूला जास्त पाणी वापरू नये, अशी एक हदीस आपण व्याख्यानांत नेहमी ऐकतो. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत, परंतु मुद्दची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपल्या मशिदींत तोटी उघडी टाकून बाह्या वर करणारे आपण पाहतोच. मशिदीच्या मुतवल्लींनी तोट्या बदलल्या, वुजूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवले, तर त्याला फारसा खर्च नाही. ते पाणी जवळजवळ स्वच्छच असते. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली, हे प्रत्येक मुलाला शिकवले जाते. सीरतच्या काही ग्रंथांत असे आहे की त्यांनी आधी निम्मीच विहीर घेतली होती, एक दिवस मालकाचा आणि एक दिवस त्यांचा. तिथेही पाळीच होती. वक्फसाठी आज विहीर विकत घ्यायला हवी असे नाही. आटलेली विहीर पुन्हा भरेल अशी सोय करणे हेही त्याच वाटेवरचे काम आहे.

आणि पाणी वापरून झाल्यावर? शहराचे सांडपाणी मोसममध्ये जाते, मोसम गिरणेत जाते. आपण स्वतःला नेहमी कालव्याच्या शेवटच्या टोकाचे समजतो : नळाला उशिरा पाणी येते, कमी येते, तक्रार आपलीच. पण नदीच्या दृष्टीने आपण वरच्या अंगाचे आहोत. मदीनेच्या त्या निवाड्यात जुबैर (रजि.) यांची जी जागा, ती इथे आपली. संगमाच्या खाली काठाकाठाने गावे आहेत, तिथे विहिरी आहेत, जनावरे पाण्यावर उतरतात, आणि त्याच पाण्यावर पिकलेली भाजी गाडीवर चढून आपल्या बाजारात येते. गिरणा पुढे नांदगाव तालुक्यात शिरते आणि तिथे १९६९ साली बांधलेल्या गिरणा धरणात थांबते. त्या धरणाच्या कालव्यांवर जळगाव जिल्ह्यातली शेते भिजतात. आणि त्याच धरणातून, जलवाहिनीने उलट्या दिशेने, मालेगावच्या नळांनाही पाणी येते.